आत्याने बरी केलेली मोटार

हसू नका, पण आमच्या आत्यासारखा मोटारीचा डॉक्टर अख्ख्या हैदराबादेत नव्हता. नव्वद सालानंतर आमच्या अंबरपेठेत दारोदार नव्या गाड्या आल्या, आणि आमची जुनी मोटार मात्र आचके देत, काळा धूर ओकत पेट्रोल ढोसू लागली. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, शेवटी म्हणाला, "साब, ये पेट्रोल पीती नै, पेट्रोल से नहाती!" बाबांनी जड मनाने भंगारवाल्याला बोलावलं.

त्याला दाखवायला मोटार सुरू केली तशी आत्या बाहेर आली. जन्म स्टोव्हपुढे गेलेला. तिने धूर हुंगला. "भाऊ, तेल जास्त, हवा कमी, तेव्हाच काजळी धरते. हिची हवा कशानं अडते?"

"चोक ओढला की अडते. पण तो कोण ओढेल?" म्हणत बाबा वाकले, आणि बघतच राहिले. स्टिअरिंगखालच्या चोकच्या खुंटीला नजरेचा नारळ लोंबत होता. त्याच्या वजनाने खुंटी पुरती बाहेर! देवाचं म्हणून मेकॅनिकनेही हात लावला नव्हता. नारळ सोडला, खुंटी आत ढकलली, आणि इंजिन असं शांत चालू लागलं की भंगारवाल्यानेच हात जोडले.

"आक्का, हा तूच बांधलास ना?" बाबांनी विचारलं.

"मग!" आत्याने भंगारवाल्याकडे बोट दाखवलं. "लागू दिली का ह्याची नजर?"