कोरं पान

माझ्या सगळ्या मस्कऱ्यांत एकच अशी झाली, की मलाच हसू आलं नाही. गोंदियात मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होतो, ते आमचे मुनीमजी चार-पाच गिरणीवाल्यांच्या वह्या लिहीत, पण एकाची गोष्ट दुसऱ्याला कळू देत नसत. त्यांत दोन सख्खे भाऊ होते, नऊ वर्षांपासून अबोला. दिवाळीच्या नव्या वह्या पोचवायला मुनीमजींनी माझ्याकडे दिल्या, अन् मी मुद्दाम थोरल्याची वही धाकट्याला दिली.

धाकटा वही घेऊन आला. "मुनीमजी, ज्याच्याशी व्यवहार त्याचंच पान उघडता ना? मग भाऊच्या वहीत माह्या नावाचं कोरं पान काऊन?"

"दर साल तोच सांगते. म्हणते, नाव राहू द्या."

"अन् तुम्ही मले बोलले नाही?"

"तुम्हीबी त्याच्या नावाचं उघडायले लावता. त्याले तरी मी कुठं सांगितलं?"

थोरला तेव्हा जवळच्याच फुलचूर गावी शेवटच्या दुखण्यात होता. धाकटा तसाच धावला. दोघांना दोन दिवस मिळाले.

थोरल्याच्या तेरवीनंतर मुनीमजींनी माझा कान पिळला. "पुन्हा वह्या बदलल्या तर हात तोडीन!" मग कान सोडून हळूच म्हणाले, "पण लेका, नऊ वर्षं आधी काऊन नाही केली ही मस्करी?"