इथं होतंय

(हुबळीतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातला हाडांचा वॉर्ड. सखूबाई खाटेवर.)

भारती : मग ‘इथं होत नाही’ असं लिहा की, श्रीकांतण्णा! देशपांडे नगरातला खाजगी दवाखाना ऑपरेशनला तयार आहे. तुमच्याकडची चिठ्ठी आणा म्हणतोय, म्हणजे विम्यात फुकट.

श्रीकांत : अक्का, मी विम्याच्या खिडकीवरचा. चिठ्ठी डॉक्टर देणार. तीही इथं न होणाऱ्या उपचाराला. खुब्याचं ऑपरेशन इथं होतंय.

भारती : कुठं होतंय? माझी सासू गोठ्यात पडून आठवडा झाला!

श्रीकांत : होतंय. हाडात बसवायचं सामान तेवढं नाही.

भारती : म्हणजे होत नाही!

श्रीकांत : कॉम्प्युटरात दोनच रकाने आहेत. होतंय, नाहीतर होत नाही. ‘सामान नाही’ असा रकाना दिलेला नाही हो.

सखूबाई : आन सामान कवा येतंय, बाळा?

श्रीकांत : आधीच्या ऑपरेशनांचे पैसे विम्याच्या कचेरीतून, बेंगळूरहून, आले की आजी. त्याशिवाय सामानवाला माल पाठवत नाही.

सखूबाई : आन माझं झाल्यावर?

श्रीकांत : तुमच्या ऑपरेशनचे पैसे विम्यातून येतील, त्यात पुढच्याचं सामान.

सखूबाई : अगं बाई, ही तर भिशी! हाडांची भिशी.

भारती : हसता काय आत्ती? लवकर नाही झालं तर तुम्ही परत उभ्या राहणार नाही म्हणालेत डॉक्टर.

सखूबाई : मग काय करू? नाचून दाखवू?

श्रीकांत : अक्का, जरा इकडं या. मी सांगितलं म्हणू नका. डॉक्टर आले की चिठ्ठी मागूच नका. दुसरीकडं जातो म्हटलं की त्यांना राग येतोय. वरून विचारणा होते ना, डॉक्टर आहे, टेबल आहे, पेशंट बाहेर का धाडला म्हणून. तुम्ही म्हणा, इथंच करा, तारीख लिहून द्या. तारीख देता येत नाही म्हटल्यावर चिठ्ठी द्यावीच लागतेय.

भारती : म्हणजे बाहेर जायला, आत राहतो म्हणून भांडायचं?

श्रीकांत : तसंच की. आले बघा.

डॉ. गुरुप्रसाद : काय आजी, बऱ्या आहात? ह्या सूनबाई का? तुम्हालाही चिठ्ठी पाहिजे असेल.

भारती : नाही डॉक्टर. ऑपरेशन इथंच करा. आम्ही कुठं जात नाही.

डॉ. गुरुप्रसाद : अरे वा! ऐकलंत का सिस्टर? सरकारी दवाखान्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी भेटलं.

भारती : तारीख तेवढी लिहून द्या.

डॉ. गुरुप्रसाद : देतो की. त्यात काय? लिहा सिस्टर, सामान येईल त्या दिवशी, पहिला नंबर ह्यांचा. खाली सही करतो मी. झालं समाधान?

भारती : डॉक्टर, पण...

डॉ. गुरुप्रसाद : आता पण नाही. चला सिस्टर, पुढची खाट.

भारती : श्रीकांतण्णा?

श्रीकांत : आजवर असं कुणी लिहून दिलं नव्हतं, अक्का. आता हीच तारीख धरतात, चिठ्ठी मागता येत नाही.

भारती : आता कुणाकडं जाऊ मी? सांगा की!

सखूबाई : त्याला नगं वरडूस, पोरी. इकडं ये. पडून पडून पाठ जळतीया माझी. जरा उचल.