दार लावायचं कुणी?

(कराराची बोलणी चाललेली खोली. टेबलापलीकडे विमान कंपनीचे साहेब. अलीकडे विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांच्या ताई. शेजारी उजवा हात प्लास्टरमध्ये असलेली एक तरुण कर्मचारी, सगळ्यांची धाकटी.)

साहेब : ...म्हणून म्हणतो ताई, त्याला काम म्हणू नका. ते स्वागत आहे.

ताई : आणि काम कधी सुरू होतं?

साहेब : विमानाचं दार लागलं की. पगारही तिथूनच. नियम पहिल्यापासून हाच आहे.

ताई : त्याआधी आम्ही विमान तपासतो, लोकांना जागेवर बसवतो, रडणारं पोर गप्प करतो, खिडकीवरून जुंपलेली भांडणं सोडवतो.

साहेब : तुमच्या घरी पाहुणे आले तर पैसे मागता का?

ताई : घरी पावणेदोनशे पाहुणे बॅगा घेऊन एकदम आले, तर मी मागच्या दारानं माहेरी जाईन. विमानात ती सोय नाही.

धाकटी : साहेब, मी एक विचारू?

साहेब : विचारा की. हात कसा आहे?

धाकटी : मोडलेला आहे. एका काकांची बॅग मी वरच्या कप्प्यात ठेवत होते, ती हातावर आली. तेव्हा दार उघडं होतं. तुमचं म्हणणं, मी कामावर नव्हते, म्हणून उपचार आणि रजा माझं मी बघायचं. मग मी तिथं काय करत होते?

साहेब : तुम्ही... विमानात होतात.

ताई : प्रवासी म्हणून?

साहेब : प्रवासी कशा असतील? तिकीट कुठं होतं?

ताई : म्हणजे विनातिकीट.

साहेब : ताई, शब्दात पकडू नका.

ताई : पकडत नाही, काळजी वाटली. कामावर नसलेली, तिकीट नसलेली बाई विमानात फिरते, लोकांच्या बॅगांना हात लावते. सुरक्षावाल्यांना कळवलंत ना?

साहेब : अहो, ती गणवेशात होती.

ताई : अगं बाई. तोतयासुद्धा.

धाकटी : आणि मी सगळ्यांना पट्टे बांधायला सांगत होते. लोक ऐकतही होते.

साहेब : हे राहू दे. राखीव दिवसांचं बोलू. त्या दिवशी तर तुम्ही घरी असता. विश्रांतीच असते ती.

ताई : असते ना. केस बांधून, गणवेशाला इस्त्री करून, फोनकडे बघत विश्रांती. वाजला की तासाभरात विमानतळावर. परवा सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेले. आधीच सांगितलं, फोन आला तर तुम्हाला डॉक्टरांसमोर सोडून निघावं लागेल. त्या म्हणाल्या, सूनबाई, तू विश्रांती घेत असलीस की मला फार धडधडतं.

साहेब : बरं, ते मी वरून मंजूर करून आणतो. वेळापत्रक आधी देऊ, ऐनवेळी बदललं तर भरपाई. पण दाराचा नियम हलायचा नाही. त्याऐवजी एक सुचवतो. हिचा हात खास बाब म्हणून घेऊ. उपचार, रजा, सगळं कंपनीकडे. पत्र आजच देतो. तुम्ही दाराचा मुद्दा तेवढा सोडा.

ताई : हात तिचा आहे, तिला विचारा. धाकटे, तू हो म्हणालीस तर मी मनात काही धरणार नाही. बाहेर कुणाला बोलूही देणार नाही.

धाकटी : हवंय मला, साहेब. खोटं कशाला बोलू? आई रोज वेणी घालून देते, आणि रोज विचारते, नोकरीचं काय गं. पत्रात काय लिहाल? मी कामावर होते, असं?

साहेब : तसं नाही लिहिता येणार. 'अपघात कामाबाहेरचा असूनही सहानुभूतीपूर्वक...'

धाकटी : म्हणजे हात बरा होणार, आणि मी पुन्हा कामावर नसताना बॅगा उचलायला जाणार. नको.

साहेब : नीट विचार करा. अशी संधी परत येईलच असं नाही.

धाकटी : केला विचार. मी कामावर होते, एवढंच लिहा. माझ्यासाठी आणि बाकीच्यांसाठीही.

ताई : ऐकलंत? नाहीतर सोमवारपासून आम्ही नियमानं वागणार.

साहेब : संप?

ताई : छे, छे. वेळेवर येऊ, गणवेशात येऊ, विमानाबाहेर रांगेत उभ्या राहू. दार लागलं की लगेच कामाला लागू.

साहेब : तुम्ही बाहेर, तर प्रवासी आत कसे सोडणार? आणि दार लावणार कोण?

ताई : दार लावणं कुणाचं काम आहे?

साहेब : तुमचंच.

ताई : दार लागायच्या आधीचं?

साहेब : मग काय, दार मी लावू?

ताई : हवं तर तुम्ही या. स्वागतालाही माणूस लागेलच.

साहेब : थांबा जरा. मी वर फोन लावतो.

ताई : लावा. आम्ही बसलोय.

साहेब : हॅलो, सर? हो, समोरच आहेत दोघी. नाही सर, खास बाब नको म्हणतात... नाही, नाही. चिडलेल्या नाहीत. म्हणून तर फोन केला.