वेशीवरचा सिंह

गावात किल्ल्याच्या वेशीचा उत्सव होता. वेशीवरचा काळाभोर, पावसानं झिजलेला दगडी सिंह कागदावर चितारायला पुनम चंद्रपूरहून आली आणि तिच्या हातातली रंगपेटी गळून पडली. सिंह पिवळाधमक झाला होता. शिडीवर कुंचला घेऊन गावातले इस्तारीभाऊ, खाली रंगाचा डबा धरून मैनाबाई.

"आयाळ जमली नाई वाटते," तिचा चेहरा पाहून इस्तारीभाऊ म्हणाले.

"जमली ना वो. जित्ता दिसून राह्यला!" मैनाबाई म्हणाल्या.

"भाऊ, हे काय केलंत? शेकडो वर्षांचा दगड!"

"हो ना बाई, अन् एवढी वर्सं उघडाच! पोयाले आमी बैल रंगवतो, मंग याच्या सणाले याले तसाच ठेवाचा?"

"हा ऑइलपेंट आता निघायचा नाही!"

"नाईच निघत. पारखून आणला."

पुनमचे डोळे भरून आले.

"रडता काऊन बाई? सिंहाचे डोये राखून ठेवले ना. ते चित्रवाल्या बाईच्याच हातानं, गावानंच ठरवलं."

इस्तारीभाऊंनी कुंचला पुढे केला.