मायच्या हाताले दिसला पायजे असा टँक

आमचं गाव गोरेगावपासून जवळच आहे जी, बजाराच्या दिवशी मानूस पायी जाते आन पायी येते, एवढंच. चारी बाजूले धानाच्या बांध्या, आन त्या बांध्यांतच माह्या बापाचा जनम गेला. माहं मन काही तिथं लागलं नाही. रोवन्याच्या वक्ताले चिखलात पाय फसला की मले असा राग ये, असा राग ये, का बाप म्हने, ह्याले चिखलाचाच राग येते तर हा खाईल काय? मंग मी फौजेत भरती झालो, आन तिथं मले दिलं काय, तर टँक, म्हनजे आख्खी नोकरी पुन्हा चिखलात. आता हसा तुमी, बाप बी हासलाच होता.

मी टँकचा ड्रायव्हर. सुट्टीवर गावात आलो का लोक विचारत, काय करतेस रे तिकडं, मी म्हनो टँक चालवतो, ते म्हनत हो का, ट्रक चालवते म्हना, मंग नागपूरकडं येनं होते का नाही गाडी घेऊन? अरे बापा, ट्रक नाही, रनगाडा, तोप राहते त्याच्यावर! हो हो, म्हनत, आन मंग विचारत, भाडं कसं काय राहते. काय सांगू तुमाले, ह्या लोकायपुढं डोस्कं फोडून घ्यावं वाटे.

नव्व्यान्नव साली लढाई लागली. लढाई तिकडं पहाडात, आन आमाले ठेवलं इकडं सरहद्दीच्या रेतीत, की हुकूम आला का निघायचं. हुकूम आला नाही. घरी येऊन सांगायचं तर सांगायलेच काही नव्हतं, रेती खाल्ली आन वापस आलो. पन इकडं माह्या मायनं रेडिओ सोडला नाही. घरवाली सांगते, सासूबाई हातातलं काम टाकून येत आन रेडिओपाशी बसत, आन विचारत, आपला पोट्टा ज्याच्यात बसते ते कसं राहते वं? आता घरवालीनं तरी कुठी पाहिलं होतं. तिनं सांगितलं, लोखंडाची खोली राहते, चालते ते. मायनं तेवढंच धरून ठेवलं. कोनी विचारलं का म्हने, माहा पोट्टा लोखंडाच्या खोलीत राहते.

मी पेन्शन घेऊन घरी आलो तोपावतर तिचे डोळे गेले होते. गोंदियाले नेलं, तो डाक्टर म्हने काचबिंदू है, अम्मा को पहले लाना था, अब जो गया सो गया. माय बस स्टँडवर येऊन बसली. मंग म्हने, तुह्या बापाचं काम मी जनमभर पाहिलं, नांगर पाहिला, बैल पाहिले. तुह्या कामाचं काहीच नाही पाहिलं, आन आता काही पाहत नाही. मी मरीन तं मले मालूमच नाही राहनार, माहा पोट्टा इतके साल होता कुठी. असं रोखठोक बोलते ती. मी म्हटलं, चाल, बस लागली.

आनखी एक गोष्ट सांगून ठेवतो. दुपारी जेवून मी छपरीत खाटेवर पडतो, आन माय चाचपत चाचपत येते आन पांघरून नीट करते. मी काय लहान पोट्टा आहो का? पन ती करते. आन दरवेळेस चिडे. खाट एवढी लांबच्या लांब, आन तू पाय पोटाशी घेऊन काऊन झोपून राहिला? हिव लागून राहिलं का? मी म्हनो, हिव नाही, सवय आहे, जाय तू. कायची सवय, ते मी बी कधी इचार नव्हता केला.

मंग आला तान्हा पोळा. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडाचे नंदी सजवून चाकावर ओढत आनतात, घरोघरी दाखवतात, आपन खाऊ द्यायचा. शेजारचा पोट्टा नंदी घेऊन आला. मायनं त्याच्यावर हात फिरवला आन म्हने, वशिंड मस्त काढलं, पन डावं शिंग वाकडं आहे, आन हा आपल्या सुताराचा हात होय. मी पाहतच राहिलो. शिंग खरंच वाकडं होतं! मले आधी दिसलं नव्हतं. तिथंच मी म्हटलं, घ्या, हिले दिसते, फक्त हातात आलं पायजे. म्हटलं टँक बनवतो, घरीच बनवतो, खाटेएवढा, का तिले चारी बाजूनं फिरून हात लावता आला पायजे.

घरवाली म्हने, ह्याले पेन्शन लागली का येड लागलं? आंगनात तिले धान वाळवायचे होते आन तिथं मी लोखंडाचे अँगल कापून राहिलो. चार दिवस बोलली नाही. मी गोंदियाच्या भंगारवाल्याकडं चकरा मारो, तो विचारे, फौजी भाई, ये तोप चलाओगे किसपे? मी म्हनो, घरवाली पे. असं चाले. राइस मिलमधला जुना पट्टा आनला, त्याच्यावर बाभळीच्या पट्ट्या एक एक करून ठोकल्या, ती झाली टँकची साखळी, ज्याच्यावर ते चालते. चाकं सुतारानं करून दिली, नंदीची चाकं करते तोच, एका बाजूले सहा. आंग तेलाच्या पिपाच्या पत्र्याचं. आन वरचं डोस्कं, जे गोल फिरते, त्याले काही सापडेना, तर सुतार म्हने, लग्नातली कढई पालथी घाल ना. फुटकी कढई पालथी घातली, आन काय सांगू, अस्सल टँकच दिसाले लागला! तोपेची नळी मी बोअरच्या प्लास्टिकच्या पाइपची केली.

मायनं हात लावला आन नळीवरच थांबली. म्हने, हे लोखंड नाही. मी म्हटलं, लोखंड नाही पन दिसते तसंच. ती म्हने, दिसते कोनाले? मंग काय, लोखंडाचा पाइप आनला, तं वजनानं कढई समोर तोंड टेकू लागली, मंग मागून मिलचं जुनं वजन बांधलं. असं लय दिवस चाललं. बोल्टाचं टोक बी चुकीच्या जागी राहिलं तं मी काढून पुन्हा लावो, काऊन का तिच्या बोटाले खोटं नाही चालत. गाव पाहायले ये. ट्रक समजनारे ते लोकही आले, आन म्हने, असं होय, मंग पहिले काऊन नाही सांगितलं!

पुरा झाला त्या दिवशी मायले आंगनात आनलं. तिनं पुरा फेरा मारला. साखळी मोजल्यावानी चाचपली, चाकं चाचपली, नळीच्या तोंडात बोट घातलं. मी छाती फुगवून उभा. मंग म्हने, सारं झालं, पन तू कुठी आहेस?

मी वाकून आत पाहिलं. मी सारा टँक बाहेरून केला होता, जसा सव्वीस जानेवारीच्या परेडीत दिसते तसा. आत काहीच नाही, नुसता पोकळ पत्रा. आन मी त्याले बाहेरून चालवला कवा? जनमभर मी आतच होतो! हासा, हासा, सुतार बी लय हासला.

मंग समोरून पत्रा कापला, ड्रायव्हरचं झाकन केलं, आत सीट केली, दोन दांडे केले, ज्यानं तो वळते. टँक जेवढ्या पटीनं लहान केला, तेवढ्याच पटीनं लहान असा लाकडाचा बाहुला सुताराकडून करून आनला. सुताराचे सारे बाहुले उभे राहतेत, सरळ पायाचे, तसाच हा बी. मायच्या हाती दिला आन म्हटलं, हा मी, आता बसव. ती त्याले आत घालून राहिली, तो जाईना. पाय अडकत. म्हने, ह्याचे पाय कुठी ठेवू? मी म्हटलं, दुमडून. म्हने, लाकूड दुमडते का? सुतारानं मंग गुडघ्यापाशी कापून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकून दिला, तवा पाय दुमडले.

मायनं त्याले बसवला. झाकन लावलं. मंग झाकन पुन्हा उघडून हात आत घातला, आन लय वेळ काढलाच नाही. बोटानं पाहत होती, गुडघे कुठी आहेत, डोस्कं कुठी टेकते. घरवाली बी धान सोडून उभी राहिली. मले वाटलं आता म्हनंल मस्त बनवला. ती म्हने, एवढ्याशा जागेत? इतके साल? मी म्हटलं, हो, बाकीचे तोपवाले वर, मी समोर एकटा. तिनं हात काढला, माहं तोंड चाचपलं, गाल चाचपले, आन म्हने, म्हनून तू असा झोपते रे बापा. मले काय मालूम, मी तं रोज तुले रागावो.

मी रडलो, खोटं कायले बोलू. फौजी मानूस, आंगनात उभा राहून रडलो. ती नाही रडली. ती म्हने, पाय लांब करत जाय आता. घर आहे हे.

आता टँक छपरीतच राहते. कोंबडी एकदा आत अंडं देऊन गेली, तवापासून माय झाकन लावून ठेवते. तान्ह्या पोळ्याले पोट्टे तो मांगतात, मंग त्याले बी तोरन बांधते ती, नंदीच्या रांगेत उभा राहते. तिचं आता वय झालं, पन कोनी घरी आलं का हात धरून नेते आन सांगते, हे पाहा, माहा पोट्टा इथं बसत होता, पाय असे ठेवून. तुमाले बी दाखवलं ना? मंग झालं. माहं काही मांगनं नाही, सारं बरं आहे. तुमी चहा घ्या, जेवूनच जा. मी पडतो जरा, माही वेळ झाली. ती पाहा, आलीच चाचपत. थांबा, पाय लांब करू द्या.