शनिवारचा कॉल

…नाही, पण मी काय म्हणतो, घराला मागच्या बाजूला एखादी तरी भिंत नको का? आमच्या इथल्या, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या घराला मागे नुसती काच! पलीकडे अख्ख्या वसाहतीची मिळून एकच बाग, मध्ये कुंपण नाही की काही नाही. दर शनिवारी सगळ्यांनी मिळून ती खणायची, मग तिथेच बसून कॉफी प्यायची. तोंड लपवायला जागा नाही, आणि काच ही एवढी!

तुम्हाला सांगतो, पुण्यात मी कधी कुंडीला पाणी घातलं नाही, तो इथे थंडीत चिखल उपसणार? पहिल्याच शनिवारी ठेवणीतलं काढलं… ऑफिसचा कॉल आहे! आपल्याकडे कॉल म्हटलं की विषय संपला. बारसं टळतं, सत्यनारायण टळतो, सासरे स्वतः चहा आणून देतात. इथे? शेजारच्या हेन्नीबाई, सत्तरी उलटलेल्या, त्यांचा चेहराच पडला. शनिवारी? काम? जसा काही ऑफिसने माझा छळ मांडलाय!

मग काय… पुढ्यात लॅपटॉप, कानाला हेडफोन, आणि स्क्रीनवर क्रिकेट. कपाळाला आठ्या घालून मी आपला येस येस करतोय, विकेट पडली की डोकं धरतोय. बाहेरून ते ऑफिसचंच वाटणार ना! हेन्नीबाई मातीच्या हातांनी सफरचंदाचा केक घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवून गेल्या. घास उतरेना हो… म्हणजे उतरला, पण उशिरा. पुढच्या वेळी पडदा ओढला, तर कोण आजारी आहे म्हणून तिघं विचारायला हजर. तोंड लपवायला जागा नाही, आणि काच ही एवढी!

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण हेन्नीबाईंनी बागेतल्या मुलांना सांगितलं, हळू खेळा, रविकांत कामात आहे. पोरं चवड्यांवर चालायला लागली! त्यांच्यात आमची ईशानीसुद्धा. तिला ठाऊक होतं ना घरात कसला कॉल चाललाय ते! तरी बापाची लाज राखायला पोरगी चवड्यांवर… आणि आमच्या दारापुढचा वाफा कोण खणतंय? हेन्नीबाई! मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं बस, आता जाऊन खरं सांगायचं. बूट चढवले, दार उघडलं, तर सगळे माझ्याचसाठी उभे.

"रविकांत," हेन्नीबाई म्हणाल्या, "बाग आता रविवारी. तू नसलास की आम्हाला बरं वाटत नाही."

मागून बायको पुटपुटली, आभार मान. मानले.

तर आता रविवारी खणतो, कंबर धरून. आणि शनिवारी? मंडळी बागेत नुसती कॉफी पीत बसतात, काचेतून मला हात हलवतात… मग कॉल चालू ठेवायला नको? मॅच असो नसो! मागे एकदा इतका कंटाळलो की खरंच ऑफिसचं काम उरकून टाकलं. पुण्याचा मॅनेजर काय खूश झाला म्हणून सांगू!

आता दर शनिवारी मला खरंच कॉल असतो.