संकष्टीचा हिरवा चहा

तुम्हाला म्हणून सांगते, परवाच्या संकष्टीला शेजारच्या कुसुमबाईंची सून अश्विनी ओरडली आणि मी कणकेच्या हातांनीच पळाले. कुसुमबाई पलंगावर घामाघूम. हात थरथरत होते.

"छातीत लई धडधडतंय गं सुमन. माझं काय खरं न्हाई आता."

"रिक्षा बोलावलीय काकू," अश्विनी मला म्हणाली, रडकुंडीला आलेली.

"सकाळपासून पोटात काय गेलंय?" मी विचारलं.

"उपास हाय. लेकीनं पुण्याहून पाठवलेला हिरवा चहा तेवढा घेतला."

"माचा! ती जपानी चहाची पूड!" अश्विनी दचकली. "अर्धा चमचा पुरतो, आई. किती टाकला?"

"आपल्या चहावानीच, दोन चमचे. गाळायला गेले तर गाळणीत कायबी राहीना. म्हणलं फिक्का झाला, म्हणून अजून दोन टाकले."

उशाशीच ठेवलेल्या पातेल्यात कपभर उरला होता. नेमकं काय पोटात गेलंय ते कळायला नको? मी चव घेतली.

नेवाशाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढून छातीची पट्टी वाचली.

"हृदय ठीक आहे," ते म्हणाले. "या चहात पानाची पूडच पोटात जाते, त्यात उपाशी पोटी एवढा कडक. केळं खा, पाणी प्या, हळूहळू उतरेल."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "तुमचे हात का थरथरतायत?"

"काळजीनं, डॉक्टर."

खाटेवरून कुसुमबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "तिचीबी पट्टी काढा, सायेब. पातेलं तिनंच रिकामं केलंय."